नॉर्मनकाकांच्या सपाता

काउन्सिलला काही कळवायचं राहून जाईल, याची कर्स्टीला कायम धास्ती. एल्सीला पहिला दात आला तेव्हासुद्धा तिने घरभाड्याची मदत देणाऱ्या खात्याला फोन करून विचारलं होतं, "याने काही फरक पडतो का?" त्यामुळे 'तुमच्या घरात एक पुरुष राहतो हे तुम्ही लपवलंत, उन्हाळ्यापासूनची जादा मदत परत करा' असं पत्र आलं, तेव्हा तिने ते जिन्यातच तीनदा वाचलं. घरात ती आणि दीड वर्षाची एल्सी. पुरुष आणायचा कुठून?

पत्रात त्याचं नावही होतं. नॉर्मन ट्वेडल.

"काका!" तिने कुंपणावरून शेजारी हाक मारली. "तुम्ही माझ्या घरी राहता?"

सत्तरी ओलांडलेले नॉर्मनकाका टोपी कुरवाळू लागले. "कागदोपत्री, पोरी. थोडासा."

खाणकामगारांच्या त्या गावात लीक ही भाजी नव्हे, इभ्रत. कांद्याचाच हा भाऊबंद, पण प्रदर्शनासाठी बाळाच्या मांडीएवढा जाड आणि पांढराशुभ्र करायचा. काकांच्या परसात चॅपेलच्या भिंतीची सावली, म्हणून ते कर्स्टीच्या परसात लीक लावत. बदल्यात ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला गेली की एल्सीला सांभाळत. पण प्रदर्शन भरवणाऱ्या लीक क्लबचा नियम असा, की लीक सभासदाच्या स्वतःच्या घरी वाढलेला हवा.

"म्हणून तुझा पत्ता दिला. क्लबवाले तपासायला आले तेव्हा सपाता घालून तुझ्या दारात उभा राहिलो. एल्सी कडेवर होती. शोभून दिसलं अगदी."

दुसरं बक्षीस मिळालं, आणि गावच्या साप्ताहिकाने विजेत्याचं नाव पत्त्यासकट छापलं. तेच काउन्सिलने वाचलं.

"मग त्यांना खरं सांगा ना!"

"सांगतो की. फक्त बक्षीस परत जाईल."

दोघांनी कर्स्टीच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. बक्षीस तिथेच होतं. काकांनी जिंकल्या दिवशीच आणून बसवलेलं कपडे धुण्याचं यंत्र एल्सीची झबली-टोपडी घुसळत होतं.

"राहू दे," कर्स्टी म्हणाली. "मी बघते काय ते." आणि 'मी एकटीच राहते' अशी तक्रार तिने एकटीनेच ठोकून दिली.

चौकशीला काउन्सिलचे मिस्टर हेस्लॉप आले. त्याआधी कर्स्टीने काकांचा मग, काकांचा चष्मा, काकांच्या सपाता, सगळं कपाटाखाली सारलं होतं. पण या दारातून आत येणाऱ्या पुरुषाला सपाता लागतात, एवढं एल्सीला अनुभवाने ठाऊक होतं. ती रांगत कपाटाखाली गेली आणि सपाता ओढत आणून तिने साहेबांच्या पायांशी ठेवल्या.

"या कोणाच्या?"

"माझ्या."

हेस्लॉपनी होडीएवढ्या सपाता पाहिल्या, मग तिची पावलं पाहिली.

"थंडीत मोजे घालते ना," कर्स्टी पुटपुटली.

"आणि खिडकीतून दिसतोय तो वाफ्यामागचा माणूस?"

चिखलाने माखलेले काका धडपडत उठले. "मी इथे राहत नाही, साहेब!"

"मग इथे करताय काय?"

"लपतोय."

मग काकांनी टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं. "मशीन उद्याच परत करतो. क्लबात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, पण हिचं छप्पर काढून घेऊ नका. ही दात आला तरी तुम्हाला कळवणारी पोर आहे हो!"

"ठाऊक आहे," हेस्लॉप म्हणाले. "तो फोन मीच घेतला होता."

वसुली रद्द झाली. क्लबने काकांना वर्षभर घरी बसवलं; पण लीक वाढले कर्स्टीच्याच पत्त्यावर, तेव्हा ती सभासद होत असेल तर यंत्र तिचं, असा निवाडा दिला. लीकचं सूप वाढता वाढता कर्स्टी काकांच्या गळ्यात पडून रडली. काका आपले "अगं, सूप निवतंय" एवढंच म्हणत राहिले.

डोळे पुसून तिने पहिलं काम केलं ते म्हणजे काउन्सिलला फोन. "मिस्टर हेस्लॉप, मला बक्षिसात मशीन मिळालंय. कळवायला हवं ना?"

"त्याने काही फरक पडत नाही, बाई." पलीकडचा आवाज जरा खाली आला. "आता ऑफिसचं नव्हे, माझं घरचं विचारतो. माझे लीक बोटाच्या वर जाड होत नाहीत. तुमच्या वाफ्यात घालतात तरी काय?"

कर्स्टीला ते माहीत होतं. समोर काकांच्या हातातला चमचा वाटी आणि तोंड यांच्यामध्ये थबकला होता.

"ते कळवायची माझ्यावर सक्ती आहे का?"

"नाही. तशी नाही."

"मग नाही कळवत," कर्स्टी म्हणाली, आणि तिने काकांना आणखी एक डाव सूप वाढलं.