हौसाबाईंची स्वारी विमानाच्या दारातून परतली, त्याची हकिगत

श्रीकुलस्वामिनी वाटसरूंस सांभाळो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघमासी जे वर्तमान घडले ते ऐसे. एक राज्य होते. तेथे हौसाबाई नामे सारथी होत्या. त्यांनी तीस वर्षे शाळेची गाडी हाकिली आणि एका लेकरास खरचटू दिले नाही, आणि आईबापांमागे धाकटे बंधू सयाजीराव यांसही त्यांनीच वाढविले. मग सयाजीराव पूर्वेस हजार कोसांवर चाकरीस गेले, आणि लग्नास अकरा वर्षे लोटल्यावर त्यांस कन्यारत्न जाहले. बाळाच्या कानी नाव सांगणे हा आत्याचा मान, म्हणोन त्यांनी बहिणीस विमानाचे तिकीट धाडिले, आणि बाई हर्षे करून जेवण विसरल्या. परंतु मनी धाकधूक होती. भावजय कल्पनाबाई यांचे आणि बाईंचे फारसे गूळपीठ नव्हते, आणि भावजयीची सख्खी बहीण तेथे आधीच मुक्कामास होती. आपण न पोहोचल्यास आपला मान तीच घेणार, हे बाई जाणून होत्या.

मग निघते समयी बाईंनी सवयीप्रमाणे कमरेचा बटवा चाचपला. आत वाहनपरवाना होता. तो आहे म्हणजे सर्व आहे, ऐसे समजोन आधारकार्ड फडताळात ठेवून घरास कुलूप घातले, आणि आठ तास एसटीत बसोन विमानतळी दाखल जाहल्या. तेथे द्वारी शिपाईबाई होती. तिने परवाना उलटसुलट पाहिला आणि बोलिली, "मावशी, याची मुदत दोन वर्षांमागंच संपलीय."

"मुदत गाडी चालवायची संपली गं. माझं तोंड तर तेच आहे ना?"

शिपाईबाईस हसू आले आणि वाईटही वाटले, परंतु हुकुमापुढे तिचा इलाज चालेना. तिने बाईंस खुर्ची दिली, पाणी दिले, आत मात्र सोडिले नाही. विमान निघोन गेले. तेव्हा बाईंनी बटणांच्या फोनवरून बंधूस वर्तमान कळविले, आणि सयाजीराव चाचरत बोलिले, "आक्का, उद्याची आमंत्रणं गेलीत गं. मग आता हिच्या बहिणीलाच..."

इतक्यात फोन कल्पनाबाईंनी घेतला.

"वन्सं, रडू नका. घरी जाऊन कार्ड घ्या आणि रेल्वेनं या."

"आणि पाहुणे?"

"जेवून जातील. पाळणा थांबेल. नाव तुम्हीच ठेवायचं."

हे ऐकोन तीस वर्षे रस्त्यावर कोणास न भ्यालेल्या हौसाबाई भर विमानतळी ओक्साबोक्शी रडल्या. मग घरी गेल्या, कार्ड घेतले, आणि दोन दिवस रेल्वेत विचार करीत पूर्वेस पोहोचल्या. तोवर पोर बिननावाची राहिली. पाळण्यापाशी बाई वाकल्या आणि कानात नाव सांगितले, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीवर धपाटे घातले. नाव काय, ऐसे पुसता बाई म्हणाल्या, "मथुरा."

मथुरा हे कल्पनाबाईंच्या मागल्या साली वारलेल्या आईचे नाव. एक धपाटा कल्पनाबाईंनीही घातला, आणि तो हात नणंदेच्या पाठीवरून काढिला नाही.

तात्पर्य, स्वारी तीन दिवस उशिरा पोहोचली आणि वेळेवर पोहोचली. इति.