उधारीचा कौल

गोवा राज्य झालं त्या वर्षी लाटंबार्स्याच्या कृष्णनाथशेटला दुकानात गणपतीच्या चवथीचा माल भरायला कर्ज हवं होतं, आणि बँकेच्या मॅनेजरला हवी होती यादी.

"येणं किती ते दिसतंय," मॅनेजर म्हणाला, "त्यातलं बुडणार किती, ते वेगळं लिहून आणा. त्याशिवाय सही नाही."

कृष्णनाथ घरी येऊन डोकं धरून बसला. उधार नेताना प्रत्येक माणूस सारखंच गोड हसतो. त्यातून पुढचं काय कळणार?

"कोण देतलो नि कोण बुडयतलो, ह्या देवाक सोडून कोणाक ठावक?"

"मगे देवाकच विचारा," त्याची बायको विनोदिनी तांदूळ निवडता निवडता म्हणाली. तिने थट्टा केली होती. कृष्णनाथ चपला घालून निघालासुद्धा.

देवळात सोमवारची गर्दी होती. जयराम गुरवाने देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कृष्णनाथने पहिलं नाव हळूच गुरवाच्या कानात सांगितलं. पण देवापुढे गाऱ्हाणं कुणी कधी कुजबुजत घालतं का? जयरामने आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा, ही शेवंती शेटीची उधारी फेडतली काय?"

"व्हय म्हाराजा," सवयीने सगळं देऊळ म्हणालं. त्यात शेवंतीही होती.

डावी पाकळी अलगद खाली आली. पुढचं नाव ट्रकवाल्या रघुनाथचं. त्याची उजवी पडली.

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ शेवंतीच्या अंगणात उभा राहिला.

"देवान नाय म्हटल्यान," अंगण झाडता झाडता ती म्हणाली. "आता मी पैशे दिले तर देव खोटो पडात. ह्या पाप माका नको."

रघुनाथ खाणीवर निघाला होता. "माजी उजवी पाकळी, शेटनू. पैशे येतले म्हणान देवान सांगल्यान. मगे घाई कित्याक?"

आठवडाभर सगळ्या गावाने हेच ऐकवलं. थोडेथोडे देत होते, तेही थांबले.

पुढच्या सोमवारी विनोदिनीने पदर खोचला आणि स्वतः देवळात गेली. जयरामने तिचं गाऱ्हाणं खणखणीत घातलं, "जुनी उधारी फेडल्याबगर चवथीचो गूळ-खोबरा आमच्या दुकानात कोणाक मेळतला काय?"

"व्हय म्हाराजा," देऊळ याआधी इतकं मोठ्याने कधी बोललं नव्हतं.

डावी पाकळी पडली, आणि तिचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता झाली.

सकाळी पहिली आली ती शेवंती. पदराची गाठ सोडत म्हणाली, "आता देव खोटो पडना?"

"मागसून बोललो ता खरां," विनोदिनी म्हणाली, आणि गूळ तोलू लागली.

दोन दिवसांत सगळं येणं आलं. जयरामनेही आपलं फेडलं. मग दिवेलागणीला तोच पितळी बाटली घेऊन आला.

"नंदादीपाचा तेल. देवाच्या नावार मांड."

"देवाची मागची उधारी?" विनोदिनीने विचारलं.

"ती देवाकच विचारूक होयी."

दोघांनी देवळाकडे पाहिलं. विनोदिनीने बाटली काठोकाठ भरली.

कृष्णनाथने यादी बँकेत नेली. 'बुडणार' या सदराखाली एकच नाव होतं. मॅनेजरने चष्मा पुसला.

"हे गिऱ्हाईक राहतं कुठे?"

"देवळात."

मॅनेजरने ते नाव खोडलं आणि आपल्या हाताने 'नक्की येणार' खाली लिहिलं.

"माझ्या बदलीचं गाऱ्हाणं तिथेच घातलंय," तो हळूच म्हणाला, आणि त्याने सही केली.