काळीज बघणारे तात्या

गावात कुणाकडेही मेंढरू कापलं की सोपानतात्या न बोलावता हजर होतात. मटण मागत नाहीत. काळीज तळहातावर घेऊन उन्हाकडे धरतात, अंगठ्याने दाबतात आणि त्यालाच हळूच विचारतात, "कोण हाय का आत?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कधीकधी आत खरंच असतो, पाण्याने भरलेला पांढुरका फुगा, न मिटलेल्या डोळ्यासारखा. तात्या त्याला 'पाहुणा' म्हणतात.

"तात्या, पाहुण्याला च्या टाकू का?" पोरं विचारतात.

"तुझ्याच घरी धाडतो, थांब."

मग पाहुणा बादलीत, आणि बादली आमच्या घरामागच्या खोल खड्ड्यात रिकामी. वर माती, दगड, बाभळीचे काटे. मी माणसांशी फारशी बोलत नाही, खिडकीतून बघते. तिन्हीसांजेला आमच्या काटेवाडीतली कुत्री त्या खड्ड्याभोवती गोल करून बसतात. एकही भुंकत नाही. मधोमध तात्या उभे. "न्हाय म्हंजी न्हाय," एवढंच ते म्हणतात.

लोकांच्या पातेल्यांवरची झाकणंही तेच उचलतात. "रटरटू द्या. आत लाल ऱ्हायलं न्हाय पायजे."

"तात्या, मटण खायचंय, खीर न्हाय," वहिनी कुरकुरते.

यंदा जत्रेला आमच्याकडे मेंढा कापला. फोपसं, म्हणजे फुप्फुसं, कुणी खात नाही, ती कुत्र्याला टाकायची पद्धत. दादाने ती आमच्या भुऱ्यापुढे धरली आणि कधी आवाज न चढवणारे तात्या ओरडले, "टाकू नगं!" त्यांनी ती हिसकावून घेतली. फोपशात दोन फुगे होते.

"ह्ये कच्चं खाल्लं की कुत्र्याच्या पोटात किडं व्हत्यात. त्याच्या घाणीतनं लेकराच्या हाताला, हातावरनं तोंडात. मग लेकराच्या अंगात असाच फुगा धरतो."

माझी चार वर्षांची पुतणी चिऊ तेव्हा भुऱ्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. रोजच बसते. वहिनीने तिला खस्सकन ओढलं. "आजच्या आज ह्याला लांब सोडून या," ती दादाला म्हणाली. दादाने गाडीची किल्ली घेतली. चिऊने हंबरडा फोडला.

"नगा सोडू," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "आमच्या सुमीच्या छातीत निघाला व्हता. डाक्टरनं सांगितल्यावर मी तिचं कुत्रं इंदापूरच्या पल्याड सोडून आलो. पोरगी शेवटपतूर त्यालाच हाका मारीत व्हती. त्याचा काय गुन्हा? फोपसं मीच टाकायचो."

तात्यांना मुलगी होती, हे मला माहीतच नव्हतं.

"जनावराच्या डाक्टरकडनं जंताची गोळी आना. देत ऱ्हावा. आन् पोरीचं हात धुवा."

दादाने किल्ली परत खुंटीला लावली. तात्या चिऊला नळापाशी घेऊन गेले आणि तिचं एकेक बोट साबणाने चोळू लागले.

"तुमचं कुत्रं कुठंय?" चिऊने हुंदके देतच विचारलं.

"इंदापूरकडं."

"मग त्याला आणा ना."

तात्यांनी नळ मोठा केला. "दुसरा हात दे, बाय," ते म्हणाले.