मेश्रामजींचं जास्तीचं मिनिट

मेश्रामजींच्या भाजीच्या पिशवीत अर्ध्या किलोचं एक लोखंडी वजन असायचं. गोकुळपेठच्या बाजारात भाजीवालीनं काटा उचलला की ते आपलं वजन तिच्या वजनासमोर ठेवून आधी पारडी बघत. एकदा तिचंच वजन जड निघालं. गिऱ्हाइकाला दर किलोमागे एखादं वांगं जास्त जात होतं. दुसरा कोणी पिशवी भरून मुकाट निघाला असता. मेश्रामजी तिथंच उकिडवे बसले.

"तुहं वजन तुलेच लुटून राहिलं वं बाई!"

ती बाई अर्धा तास भांडली. तिला वाटलं, हा माणूस काहीतरी डाव टाकतोय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धरमपेठेतल्या एका लहानशा कंपनीत मी प्रोग्राम लिहायचे आणि मेश्रामजी ते तपासायचे. मे महिन्यात अख्खं नागपूर भाजून निघत असताना ते यंत्राच्या एसी खोलीत गळ्यात मफलर गुंडाळून बसत. चपला बाहेर, पायांत लोकरी मोजे. प्रोग्रामनं बरोबर उत्तर दिलं की आम्ही खूश व्हायचो. ते मात्र उदास होत. "बराबर तं आलं. पण कोणत्या रस्त्यानं आलं?"

आम्ही तेव्हा डिबगर तयार करत होतो. म्हणजे दुसऱ्याचा चालता प्रोग्राम मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्राम. प्रोग्रामच्या एका नव्या भाषेत लिहिणाऱ्याला अधिक-उण्याच्या चिन्हांना स्वतःचा अर्थ देता येत होता. तासमिनिटांची बेरीज कशी करायची, हे तो स्वतः लिहून ठेवू शकायचा. आमच्या डिबगरनं बेरीज करताना त्याचं ते 'अधिक' वापरायला हवं होतं. हा भाग माझा होता.

शनिवारी माल पुण्याला जायचा होता. तिथल्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळणारे प्रोग्राम लिहिले जात, त्यांना तो हवा होता. बसवून द्यायला मेश्रामजी जाणार होते. तिकीट आलेलं होतं. बुधवारी आम्ही देशकर साहेबांसमोर नऊ चाळीसमध्ये तीस मिनिटं मिळवून दाखवली. पडद्यावर दहा वाजून दहा मिनिटं आली. साहेबांनी समोसे मागवले.

मेश्रामजींनी समोशाला हात लावला नाही. त्यांनी एक नवीच चाचणी लिहिली. तिच्यातलं 'अधिक' मुद्दाम चुकीचं होतं. प्रत्येक बेरजेत ते एक मिनिट जास्तीचं घालायचं. प्रोग्रामनं स्वतः उत्तर दिलं, दहा वाजून अकरा. तो तिथंच थांबवून त्यांनी आमच्या डिबगरला तीच बेरीज विचारली.

दहा वाजून दहा.

प्रोग्रामच्या आत वेळ म्हणजे नुसती मिनिटांची एक संख्या होती. माझ्या भागानं लिहिणाऱ्याच्या 'अधिक'ला हाकच मारली नव्हती. दोन संख्या उचलून आपली साधी बेरीज केली होती. आधीचं उत्तर बरोबर आलं होतं ते केवळ नशिबानं.

"असलं वेडगळ अधिक कोण लिहिणार आहे, मेश्राम?" साहेब चिडले.

"चुकून कोणी ना कोणी लिहीनच, साहेब. मंग ती चूक शोधाले तो आपल्याच डिबगरकडं येईन. अन् आपण त्याले सांगू, सारं बराबर हाय. तिकडं बॉयलर तापून राहीन."

साहेबांनी समोशाची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "हा भाग कोणाचा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेश्रामजी म्हणाले, "मी पयलेच पाहाले पायजे होतं. राहून गेलं."

पुण्याचं जाणं रद्द झालं. दुरुस्तीला दोन महिने लागले. मेश्रामजी रोज माझ्या शेजारी बसून नवनवी विचित्र 'अधिक' लिहीत आणि माझा डिबगर पाडत. एकदाही आवाज चढला नाही. जुलैत त्यांच्या सगळ्या चाचण्या पार पडल्या. साहेबांचा राग मात्र गेला नव्हता. पुण्याला त्यांनी मला पाठवलं.

मी निघाले त्या दिवशी मेश्रामजी स्टेशनवर आले. हातात सीताबर्डीच्या दुकानाची कागदी पुडी होती. आत पिवळं झबलं.

"माही पोरगी राह्यते तिथं. पत्ता आत हाय. तिले मे महिन्यात पोरगी झाली."

त्यांना मुलगी आहे, हेच मला माहीत नव्हतं.

"दोन वर्षं झाले, बोलणं नाही. लग्न तिनं तिच्या मनानं केलं. मीच बोलून गेलो काहीबाही. पोस्टकार्ड आलं, पण 'या' म्हणून काही लिवलं नव्हतं. म्हटलं, हापिसच्या कामानं आलो होतो, म्हणून सहज पाहाले आलो, असं सांगता आलं असतं."

"मेश्रामजी, त्या बुधवारी तिकीट हातात असताना तुम्ही..."

"मेमधी लहान घेतलं होतं. बदलून आणलं. वाढली असन आता." गाडी हलली तसे ते मागे सरकले.

पुण्यात काम झाल्यावर मी त्या पत्त्यावर गेले. दार उघडणाऱ्या मुलीचे डोळे थेट मेश्रामजींचे होते. तिनं पुडी सोडून झबलं उलगडलं. "बाबा स्वतः काहून नाही आले?" तिनं विचारलं. काय झालं ते मी सगळं सांगितलं. ती आत गेली, बाळाला झबलं घालून बाहेर आली. म्हणाली, "त्यांना सांगा, कामाशिवाय या."

नागपूरला परतल्यावर हा निरोप मी आधी दिला. मेश्रामजींनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. मग खोलीत कोणी नाही असं बघून हळूच विचारलं, "केवढी हाय?"

मी दोन्ही हात समोर धरून दाखवलं.

"येवढी?" ते म्हणाले, आणि माझ्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मी हात खाली घेतले नाहीत.