प्रवाळांचा खुराक

सासरे बघायला येणार म्हणून टाकीतलं पाणी जरा जास्तच स्वच्छ करावं, असं उदयसिंहाच्या मनात आलं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

टाकी म्हणजे साधी सोनेरी माशांची नव्हे. शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, बाकीचे लोक जिथं टीव्ही ठेवतात तिथं, उदयसिंहानं समुद्र ठेवला होता. खारं पाणी, लाटा उठवणारे पंप, निळे दिवे, दोन मासे आणि सात तऱ्हांची प्रवाळं. (पुण्याच्या दुकानातून आणताना तो डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि घाटात प्रत्येक वळणाला प्रवाळांची माफी मागत होता.)

उदयसिंह रंगाच्या दुकानात कामाला. शाळा नववीतच सुटलेली. स्वभाव असा, की गिऱ्हाइकानं डोळ्यांत बघितलं की हा शेड कार्डात बघायचा. पण रंगाच्या बाबतीत नजर पक्की. रोज सकाळी दात घासत तो ते शेड कार्ड टाकीच्या काचेला लावायचा आणि जांभळं जांभळ्याशी, हिरवं हिरव्याशी ताडून बघायचा. सगळे आपापल्या खणात आहेत अशी खात्री पटली की मगच चूळ भरायचा.

सासरे गणपतराव म्हणजे जयसिंगपूरचे निवृत्त हेडमास्तर. शिकवला इतिहास, पण अधिकार सगळ्याच विषयांवर. लग्नाला सहा वर्षं झाली तरी जावयाची ओळख ते एकाच वाक्यात करून द्यायचे, "नववीपर्यंतच शिकलेत, पण माणूस सज्जन आहे." त्यातला तो 'पण' उदयसिंहाला सहा वर्षं चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता.

गणपतरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्यानं तपासणीसाठी कोल्हापूरला यायचं होतं. फोनवर म्हणाले, नव्या डोळ्यांनी निवांत काही बघायचं तर पहिल्यांदा तुमची ती टाकी बघेन. वर्षाराणीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, सातही रंगांचं वर्णन करून बापाला आधीच भारावून टाकलं होतं. त्यावर उदयसिंहानंही धीर करून सांगितलं, की उसाची कांडी लावावी तशी प्रवाळाची फांदी तोडून लावली की नवं प्रवाळ येतं. तेव्हा गणपतराव चक्क "असं का?" म्हणाले. उत्तर ठाऊक नसताना हेडमास्तरांनी त्याला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. तो फोन ठेवल्यावर उदयसिंह दोन दिवस छाती काढून चालला.

आणि मग त्यानं स्वच्छता काढली. दिवसाआड पाणी बदललं. गाळणी दुप्पट केली. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. पाणी असं नितळ झालं, की टाकी रिकामी आहे की काय असं वाटावं. बारा दिवसांत जांभळं दोन खण उतरलं, हिरवं तीन खण, आणि गुलाबी तर कार्डावरून खाली, भिंतीच्या चुन्यापाशी जाऊन थांबलं.

त्यानं घाबरून पुण्याला फोन लावला. दुकानदार म्हणाला, पाणी फार स्वच्छ केलंत, त्यांना पोटाला काही उरलंच नाही. आठवड्यातून दोनदा चिमूटभर खाणं घाला. जास्त घातलंत तर सगळी तपकिरी पडतील.

हे त्यानं घरी जेवताना सांगितलं. चूक झाली ती इथं. आपल्या घरात कुणीतरी उपाशी आहे, हे वाक्य कोल्हापुरात जेवताना बोलायचं नसतं.

"तरीच म्हनलं, पांढरीफटक का पडल्यात," त्याची आई बाळाबाई म्हणाली. "परमुलखातली लेकरं घरात आनायची आनि उपाशी मारायची, व्हय रं?"

"आई, चिमूटभरच घालायचं हाय. मी घालतो की."

"घाल की. मी कुठं न्हाय म्हनतोय?"

दुसऱ्या दिवशी उदयसिंह दुकानात गेल्यावर बाळाबाईनं सुकट मिक्सरला लावली आणि तिची चिमूटभर पूड टाकीत सोडली. (बाळाबाईच्या चिमटीत एक लाडू आरामात मावतो.) वर्षाराणीला वाटलं, प्रश्न आपल्या बापाचा आहे आणि नवऱ्याचा हात आखडता. तिनं संध्याकाळी माशांच्या पाकिटातलं दोन चमचे खाणं घातलं. शेजारचे पिराजी वस्ताद पेपर वाचायला यायचे. उभी हयात तालमीत गेलेली. काचेतून बघून म्हणाले, पैलवान बारीक झाल्यात, आणि पेल्यातलं बदाम घोटलेलं दूध दोन घोट त्यांना पाजून गेले. कुणी कुणाला बोललं नाही. चांगलं काम गुपचूप करावं, असं प्रत्येकालाच वाटत होतं. आणि उदयसिंह? तीन दिवस झाले तरी रंग येईना म्हणून त्यानं स्वतःच चिमटीच्या जागी मूठ धरली.

पंधरा दिवसांत सातही रंग एकाच खणात गोळा झाले. शेड कार्डावर तो रंग लाकडी दारांच्या पानावर होता. काचेला शेवाळ धरलं आणि हॉलमध्ये बंदरावर आल्यासारखा वास सुटला. उदयसिंहानं वास घेतला, मग आईकडं बघितलं. आईनं सुनेकडं बघितलं. सुनेनं दारातल्या वस्तादांकडं बघितलं. वस्ताद पेपर न वाचताच परत गेले.

येणं पुढं ढकलावं म्हणून त्यानं फोन हातात घेतला, तर गणपतराव एसटीत बसले होते.

आले. चहा घेतला. टाकीसमोर खुर्ची ओढली आणि काळा चष्मा उतरवला. उदयसिंहाला दहावीच्या परीक्षेला कधी बसता आलं नव्हतं, पण निकालाच्या दिवशी काय होत असेल ते त्याला तेव्हा कळलं. हेडमास्तरांचे नवे डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले.

"जावईबापू, चहाचा चोथा जमवलाय का हा?"

तेवढ्यात गणपतरावांचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं.

"आणि हे?"

कोपऱ्यात एक प्रवाळ निळ्या उजेडात नुसतं पेटलं होतं. राणी रंगाचं, जांभळी किनार असलेलं. सकाळी ते तिथं नव्हतं. असली छटा त्याच्या कार्डावर नव्हती, कुठल्याच कंपनीच्या कार्डावर नव्हती, आणि समुद्रात तर नसणारच होती. त्यानं आईकडं बघितलं. बाळाबाई एक स्वच्छ वाटी पदरानं पुसत होती.

"याला काय खायला घालता?"

"काहीच नाही, मामा." (सहा वर्षांत सासऱ्यांना दिलेलं हे त्याचं सर्वांत खरं उत्तर.)

"बघा. लाड झाले नाहीत म्हणून हे टिकलं. शाळेतही आयुष्यभर हेच बघत आलो मी." मग ते उठले आणि त्यांनी उदयसिंहाच्या पाठीवर हात ठेवला. "बाकीची वाया घालवलीत, पण हे एक उत्तम सांभाळलंत."

'पण' पहिल्यांदाच बरोबर जागी पडला होता. तेवढ्यात ते म्हणाले, "याची एक फांदी द्या मला. उसाच्या कांडीसारखी लावता येते म्हणालात ना?"

स्वयंपाकघरात तिघं जमली.

"कुठनं आनलंस?" त्यानं आईला दबक्या आवाजात विचारलं.

"महाद्वार रोडवरनं. प्लास्टिकचं हाय, रंग जायाचा न्हाय म्हनला दुकानदार."

"सांगून टाका बाबांना," वर्षाराणी म्हणाली.

उदयसिंहानं विचार केला. पाठीवर जिथं हात पडला होता ती जागा अजून गरम होती.

"करवतीचं पातं कुठं हाय?" तो म्हणाला.

फांदी खाऱ्या पाण्याच्या बरणीत घालून दिली. गणपतराव ती मांडीवर घेऊन, प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हरला दटावत जयसिंगपूरला गेले.

त्याला आता तीन महिने झाले. दर रविवारी फोन येतो. दर रविवारी उदयसिंह खरं सांगायचं ठरवतो आणि दर रविवारी "व्हय मामा" म्हणून फोन ठेवतो. गणपतरावांनी ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात प्रवाळांवर व्याख्यानही दिलं. जावयाच्या घरी बाकीची सगळी खराब झाली, माझ्याकडं एकाचाही रंग उतरला नाही, असं त्यात उदाहरण दिलं. म्हणाले, शिस्त लागते, आणि शिस्त शाळेत लागते.

गेल्या रविवारी आवाज जरा जास्तच खणखणीत होता. "जावईबापू, पट्टीनं मोजलं. दोन मिलिमीटर वाढलंय."

उदयसिंहानं त्यांचं अभिनंदन केलं. फोन ठेवला. घरात कुणी बघत नाही अशी खात्री करून त्यानं पट्टी घेतली आणि कोपऱ्यातलं ते राणी रंगाचं खोड मोजलं. तीन वेळा मोजलं. केसभरही वाढलं नव्हतं.

मग त्यानं आईला हाक मारली आणि विचारलं, सुकट शिल्लक आहे का.