एथेलरेडच्या पेनीचा गुणवत्ता अहवाल

ज्या वस्तूला हजार वर्षं कोणी हात लावला नाही, तिचा मान वाढत जातो. हा नियम जुन्या नाण्यांना लागू आहे आणि फायलींनाही.

२०१३ साली हॅनोव्हरमधलं एक नाणेसंग्राहक मंडळ (जर्मन त्याला फेराइन म्हणतात आणि तिघं जमले की एक स्थापन करतात) या नियमाची कडक अंमलबजावणी करत असे. सभासद व्हायचं तर एक नाणं सभेपुढे ठेवून त्याची माहिती द्यायची. जयंतला सभासद व्हायचंच होतं. गिअरच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायला येऊन त्याला सहा वर्षं झाली होती आणि एकाही जर्मन माणसाने त्याला अजून घरी कॉफीला बोलावलं नव्हतं. मंडळाचे सभासद मात्र आळीपाळीने एकमेकांकडे कॉफीला जात. तसं नियमावलीतच होतं (कलम नऊ).

म्हणून त्याने इंग्लंडचा राजा एथेलरेड याची चांदीची पेनी घेतली. हजार वर्षांपूर्वी टांकसाळीतल्या कुणा गॉडविनने ठशांमध्ये पत्रा धरून हातोड्याने ठोकलेली. जयंतने सवयीने जाडी-रुंदी मोजायचा कॅलिपर लावला आणि तो हादरलाच. मग त्याने कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे तक्रार अहवाल लिहिला. गोलाईत दीड मिलिमीटरची चूक. ठसा एका बाजूला सरकलेला. राजाचं नाक वाकडं (मूळ नाकाचं ड्रॉइंग उपलब्ध नाही). रंग काळा. पुरवठादाराने चोवीस तासांत खुलासा करावा. पुरवठादार मयत असल्याने मुदतवाढ.

हा अहवाल त्याने कौतुकाने आईलाही वाचून दाखवला. आई, म्हणजे यमुनाबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि चिंचेचा गोळा सोबत घेऊन आली होती. सभेच्या दिवशी सकाळी जयंतने डबी उघडली, तर राजा लखलखत होता.

"लक्ष्मीपूजनाची भांडी काढलीच होती," आई म्हणाली, "त्यात ह्यालाही घासला. अरे, तूच म्हणालास ना, काळा पडलाय म्हणून? असल्या काळ्या तोंडाने चार लोकांत नेणार होतास?"

जयंत बाथरूममध्ये जाऊन चक्क रडला. तरी सभेला गेला, कारण जर्मनीत दिलेली वेळ पाळावीच लागते.

अध्यक्ष क्लाइनसाहेबांनी भिंगातून चार मिनिटं पाहिलं. "आल्झो," (म्हणजे 'तर मग') ते म्हणाले, "हे आम्ही बघितलं नाही असं समजू." मग त्यांनी नाण्यासोबतचा अहवाल उचलला, दोनदा वाचला आणि उभं राहून जयंतचा हात हातात घेतला. मंडळाला बारा वर्षं इतिवृत्त लिहायला माणूस मिळत नव्हता. जयंत एकमताने चिटणीस झाला. आता तो प्रत्येक घरी कॉफीला जातो. लिहून होईपर्यंत कॉफी थंड होते (इतिवृत्तात नोंद आहे).

नाणं आईने देवघरात लक्ष्मीच्या नाण्याशेजारी ठेवलं आणि परत जाताना उरलेली चिंच मुलाच्या हवाली केली. जयंत दर दिवाळीला दोन्ही नाणी मन लावून घासतो. पहिल्या दोन वर्षांत राजाचं वाकडं नाक गेलं, मग बाकीचा चेहरा. २०१९ पर्यंत पेनी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झाली. कडाही झिजून चांगल्या गोल झाल्या. अहवालातला एकही दोष उरला नाही, तेव्हा त्याने खाली 'तक्रार निकाली' असा शेरा मारला.

तुम्ही हसलात, हरकत नाही. फक्त एकदा आपल्या देवघरातलं चांदीचं नाणं उजेडात धरून बघा. त्यावर कोण होतं, ते अजून दिसतंय का? नसलं दिसत तरी नमस्कार करून परत ठेवा. इतकी वर्षं तेच करत आलात.