फुग्यांचा निकाल

“हे कॉलेज आहे की पोराचा वाढदिवस?” प्राचार्य दारातूनच गरजले.

प्रयोगशाळेत वीस कॉलेजांचे संघ माना खाली घालून प्रोग्रॅम लिहीत होते. विभागीय स्पर्धा होती. एखाद्या संघाने प्रश्न सोडवला की त्या प्रश्नाच्या रंगाचा फुगा त्यांच्या टेबलाला बांधायचा, ही या स्पर्धांची रीतच आहे. पंपाची मागणी प्राचार्यांनी फेटाळली होती, म्हणून लॅबच्या मॅडम सकाळपासून तोंडानेच फुगे फुगवत होत्या. गाल नुसते ठणकत होते.

“सर, नियमच आहे तसा.”

“तपासणी समिती अर्ध्या तासात येतेय. एकही फुगा दिसता कामा नये!”

“मग समितीलाच डोळे मिटायला सांगा. मी नाही काढणार.”

“पुढच्या महिन्यात तुमच्या नेमणुकीच्या मुदतवाढीवर सही कुणाची लागते, ठाऊक आहे ना?”

न ठाऊक असायला काय झालं? घरी दोन मुलं आणि सासूबाई त्याच पगारावर होत्या. तरी मॅडमनी पुढचा फुगा तोंडाला लावला.

मग काय, साहेबांनी कोटाची टाचणी काढली आणि स्वतःच मोहिमेवर निघाले. फट्! फट्! एक मुलगी किंचाळली, दोघांनी कान झाकले, पण थांबतील ते प्राचार्य कसले! शेवटच्या फुग्यावर झेप घेताना त्यांचा पाय वायरीत अडकला आणि निकालाचं मशीन बंद पडलं. काही केल्या ते सुरू होईना. नेमकी स्पर्धेची वेळ संपली आणि समितीही दारात हजर!

“काय, कोण जिंकलं?” समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

प्राचार्य मॅडमकडे बघू लागले. आता बरी आठवण झाली!

“सांगते की,” मॅडम म्हणाल्या. “फुगा फुटला तरी त्याचं तोंड दोऱ्याला राहतं. रंग मोजा.”

कोपऱ्यातल्या संघाच्या टेबलाला सात रंगांची सात तोंडं लोंबत होती. बाकी कुणाचीच पाचाच्या वर नव्हती. पोरांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली.

“वा! पण हे फोडले कुणी?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“सरांनी,” मॅडमनी सरळ सांगून टाकलं.

“अहो, मग विजेत्यांचा फोटो कसा काढायचा?”

मॅडमनी उरलेलं पाकीट प्राचार्यांच्या हातात ठेवलं. “सात लागतील, सर. पंप नाहीये.”

चौथ्या फुग्यालाच साहेबांना धाप लागली. “मॅडम... ती सही... आजच करतो. पण बाकीचे तुम्ही...”

“सही करा हो सावकाश,” मॅडम म्हणाल्या. “आधी फुगे.”